पळणारा पंखा, रांगणारा पंखा

"ताई, पंख्याला कुणीतरी हाकतंय," फरशीवर उताणा पडलेला स्वराज म्हणाला.

उत्कर्षाने तव्यावरची पोळी कशीबशी उलटली आणि स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. खरंच की! रेग्युलेटर दोनवर होता आणि पंखा मात्र पाचवर असल्यासारखा गरगरत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं.

"तू हात लावलास?"

"झोपून कसा लावणार?"

तेवढ्यात पंखा आपोआप मंदावला. जणू काही झालंच नाही.

आई-बाबा सकाळीच खांदेश्वरला मावसभावाच्या साखरपुड्याला गेले होते. संध्याकाळपर्यंत घर उत्कर्षाच्या हवाली. आठवीत गेलेल्या उत्कर्षाला असा मान पहिल्यांदाच मिळाला होता. स्वयंपाक करायचा, दहा वर्षांच्या स्वराजला सांभाळायचं आणि कुणालाही हाक न मारता दिवस निभवायचा, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. या पंख्याचं काय करायचं, ते मात्र कुणीच सांगून गेलं नव्हतं.

दार ढकलून जागृती आत आली. करावे गावातली ही तीन मजली इमारत तिच्या आजीची, सगुणाआजींची. जागृती, आजी आणि तिचे विलासकाका वरच्या मजल्यावर राहत. बाकीच्या सात घरांत भाडेकरू; त्यांतलंच एक साताऱ्याहून आलेलं उत्कर्षाचं घर.

"काय गं, जेवायला काय केलंयस?"

"आधी पंखा बघ," स्वराज म्हणाला. "भूत शिरलंय त्यात."

जागृतीने वर बघितलं. पंखा पुन्हा सुसाट सुटला होता. ती विचारात पडली. "आमच्याकडे तर उलटंच चाललंय. सकाळपासून आमचा पंखा मधेच रांगतो. आजी म्हणते, म्हातारा झाला."

उत्कर्षाने गॅस बंद केला. "रांगतो म्हणजे कधी?"

"ते कुठे बघितलं मी?"

"मग आता बघू. तू वर जा आणि मला फोन लाव. तुमचा पंखा हळू झाला की सांग."

जागृती दोन-दोन पायऱ्या चढत पळाली. स्वराज वही-पेन्सिल घेऊन बसला. फोन कानाला लावून उत्कर्षा पंख्याकडे टक लावून उभी राहिली.

"हळू झाला," वरून आवाज आला.

त्याच क्षणी खालचा पंखा पळाला.

"आता ठीक झाला."

खालचा मंदावला. स्वराजने वेळ लिहिली. असं चार वेळा झालं आणि चारही वेळा अगदी एकाच वेळी. सीसॉवर बसल्यासारखी दोन्ही घरं वरखाली होत होती. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"ताई, ऐक," स्वराज खिडकीतून म्हणाला. "विलासकाकांच्या एसीचा डबा घुरघुरायला लागला की आपला पंखा पळतो."

त्याचं बरोबर होतं. बाहेर एसी घुरघुरला, आणि पंख्याबरोबर फ्रिजही विचित्र गुणगुणू लागला. उत्कर्षाने आधी फ्रिजचं आणि टीव्हीचं बटण बंद केलं. मग तिघं काकांकडे गेली.

विलासकाका थंडगार खोलीत क्रिकेटची मॅच बघत होते. "अगं, उन्हाळ्यात लाइट अशीच असते. टेन्शन नको घेऊ. उद्या बघू."

"काका, हा एसी कधी बसवला?"

"झाले आठ दिवस. आपल्या ओळखीचा पोरगा आहे, त्यानेच खाली मीटरमधून नवीन लाइन काढून दिली. तासाभरात काम खल्लास. वीज कंपनीचा माणूस आठ दिवस फिरवतो."

"पाच मिनिटं खाली येता? तुम्हाला एक जादू दाखवायचीय," उत्कर्षा म्हणाली.

जादूचं नाव काढल्यावर काका उठले. उत्कर्षाने त्यांना पंख्याखाली बसवून हातात सरबत दिलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली. बाहेर एसी घुरघुरताच ती म्हणाली, "आता पंखा पळेल."

पंखा पळाला. काका हसले. एसी थांबला.

"आता चालेल."

पंखा चालू लागला. काकांचं हसू थोडं कमी झालं. तिसऱ्या वेळी पंखा असा पिसाटला, की देव्हाऱ्यातला छोटा बल्ब लख्ख पेटला आणि फट्‌कन फुटला. काकांनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"हे काय भलतंच?"

कुणी उत्तर देण्याआधीच जिन्यातून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

सगळे धावले. जिन्याखाली मीटरची लोखंडी पेटी होती, तिच्या फटीतून काळपट धूर निघत होता. काकांनी नळाखालची भरलेली बादली उचलली.

"पाणी नको!" उत्कर्षा ओरडली आणि बादलीचा कान धरून लटकली. "वीज चालू आहे, काका. शॉक बसेल तुम्हाला."

काकांच्या हातातून बादली सुटली. पाणी सगळं उंबऱ्यापलीकडे अंगणात गेलं. मोठा माणूस असून ते नुसते उभे होते. उत्कर्षाचं डोकं मात्र भराभर चालत होतं. जिना एकच, आणि धूर वाढायच्या आत सगळे बाहेर यायला हवे होते.

"जागृती, तू एकशे एकला फोन कर. पत्ता नीट सांग, खूण सांग. स्वराज, तू अंगणात थांब आणि कुणालाही परत आत जाऊ देऊ नकोस. काका, तुम्ही दारं वाजवा."

तिने स्वतः आपल्या घरातला मेन स्विच बंद केला आणि विजेच्या बिलावरचा तक्रारीचा नंबर लावला. "मीटरच्या पेटीतून धूर येतोय. एका घरात व्होल्टेज वाढलं की दुसऱ्या घरात कमी होतं. करावे गाव, तलावाजवळची सगुणाआजींची इमारत."

घरं रिकामी होत गेली. शेवटी राहिल्या सगुणाआजी. त्यांचे गुडघे धरलेले. उत्कर्षा आणि काका वर धावले. काका त्यांना उचलायला वाकले.

"मना कोन उचलू नका," आजी म्हणाल्या. "तू मना घेऊन पडशील, मंग दोगांना कोन उचलंल?"

त्यांनी ओला पदर नाकाला लावला, पायरीवर बसल्या आणि बसूनच एकेक पायरी खाली उतरू लागल्या. उत्कर्षा एक पायरी पुढे, काका एक पायरी मागे. धुराने डोळे चुरचुरत होते. शेवटची पायरी उतरताच उत्कर्षाने हात देऊन आजींना अंगणातल्या कट्ट्यावर बसवलं.

स्कूटरवरून वीज कंपनीची एक मुलगी आली. डोक्यावर हेल्मेट, हातात रबरी मोजे. तिच्या शर्टावर नाव होतं सुचिता. आल्या आल्या तिने खांबाजवळच्या पेटीतून पुरवठा तोडला. मग काकांनी शेजारच्या बांधकामावरची कोरडी वाळू पेटीवर टाकली. अग्निशमन दलाची गाडी पोहोचली तोवर धूर विरत आला होता.

सुचिताने पेटी उघडली. एक जाड काळी वायर जळून कोळसा झाली होती.

"ही परतीची तार, न्यूट्रल," ती म्हणाली. "सगळ्या घरांची वीज या एकाच वाटेने परत जाते. नवीन लाइन काढताना कुणीतरी हिचा स्क्रू सैल ठेवला. वाट तुटली की एका घराला वीज जास्त मिळते, दुसऱ्याला कमी. आणखी थोडा वेळ गेला असता तर घराघरातली उपकरणं पेटली असती. कोणी केलं हे काम?"

विलासकाका खाली बघत होते. "ओळखीच्या पोराने. मीच बोलावला होता. ही पोरगी आधीच सांगायला आली होती. मी म्हटलं, उद्या बघू."

"आणि फोन कोणी केला?"

सगळ्यांनी उत्कर्षाकडे बोट दाखवलं. सुचिताने तिला नीट न्याहाळलं. "मोठी माणसं नुसतं म्हणतात, लाइट गेली, लवकर या. तू काय होतंय ते सांगितलंस, म्हणून मी खांबाजवळचा पुरवठा आधी तोडला. फार वेळ वाचला."

"पंख्याचं मी ओळखलं होतं," स्वराज म्हणाला.

"भूत आहे, असं," जागृतीने आठवण करून दिली. अग्निशमन दलाचे जवानसुद्धा हसले.

सुचिताने अंगणात जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "तुमच्यापैकी किती जणांना आपल्या घरातला मेन स्विच कुठे आहे ते माहीत आहे?"

उत्कर्षाचा हात वर गेला. तिच्या पाठोपाठ स्वराजचा. बाकीचे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"तुला कुणी दाखवला?"

"काल बाबांनी. म्हणाले, घर सांभाळणार असशील तर त्याची वीज बंद कशी करायची, ते आधी शिक."

"हिचा सातारचा बापूस हुशार हाय," सगुणाआजी कट्ट्यावरून म्हणाल्या. त्यांनी उत्कर्षाला जवळ ओढून तिच्या गालावरची काजळी पदराने पुसली. "अन् पोर त्याच्यावून हुशार. माजी सगली इमारत वाचवली हिनं."

काका पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "उत्कर्षा, सगळ्यांना दाखवशील? आमच्या घरापासून सुरुवात कर. मला स्वतःला माहीत नाही."

उत्कर्षाने फोनचा टॉर्च लावला आणि वर निघाली. तिच्यामागून बाकीच्या सातही घरांची मोठी माणसं, शाळेतल्यासारखी एकामागे एक, जिना चढू लागली.