न पडलेले डाग

"पोहायला जायचंय की नाही ते एकदा सांगून टाका," टकळी दारातूनच म्हणाली. "टॉवेल सांभाळून माझा खांदा भरून आला."

शेजारच्या टकळीला बोलायला कारण लागत नसे. पण ताई आणि तिचा धाकटा भाऊ भिंग्या आज तिला उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हती. दोघं सुट्टीला मावशीकडे आली होती आणि मावशी सकाळपासून खिडकीशी उभी होती. हातातला कापडाचा तुकडा ती डोळ्यांजवळ न्यायची, लांब धरायची, पुन्हा जवळ आणायची.

"यात हिरवे-गुलाबी डाग आहेत म्हणे," ती म्हणाली. "मला एकही दिसत नाही. डोळे गेले माझे."

"मावशी, आम्हालाही दिसत नाहीयेत," ताई म्हणाली.

"तुम्ही माझं मन राखताय, बाळांनो."

मावशी गिरणीत बारीक रेघांचं कापड विणायची. एक धागा पांढरा, एक राखाडी. असं काम तिथे दुसऱ्या कुणाला जमत नसे. बाकीचे सगळे साधं, बिनरेघांचं कापड विणायचे. गिरणीत नवा कॅमेरा आल्यापासून कापडाचा गठ्ठा मागावरून उतरला की थेट त्याच्याखाली जाई आणि मॅनेजर पडद्यावर बघून पास की नापास ते ठरवी. कापडाला हात लावायची पद्धतच राहिली नव्हती. मावशीचे दोन गठ्ठे नापास झाले होते. तिसराही झाला तर तिचा माग जाणार होता.

"फक्त रेघांच्याच कापडावर डाग पडतात?" भिंग्याने नाकावर घसरलेला जाड चष्मा वर ढकलला. "हे मला पटत नाही. टकळे, तुझ्या आईचा फोन आण."

त्याने फोनमधून तुकडा पाहिला. पडद्यावर हिरव्या-गुलाबी लाटा होत्या. फोन जरा पुढे नेला की लाटा सरकत, मागे घेतला की नाहीशा होत. मग त्याने स्वतःचा कॅमेरा काढला. तो फक्त काळे-पांढरे फोटो काढायचा, म्हणून टकळी त्याला 'आजोबा' म्हणायची. आजोबांच्या फोटोत धागा न् धागा मोजता येत होता.

"कॅमेऱ्याच्या आत बारीक बारीक घरं असतात," भिंग्या फरशीवर खडूने चौकटी आखत सांगू लागला. "फोनमध्ये आणि गिरणीच्या कॅमेऱ्यातही प्रत्येक घरावर एक रंगीत काच. लाल, हिरवी नाहीतर निळी. लाल काचेच्या घराला फक्त लालच कळतो. बाकीचे रंग ते शेजाऱ्यांना विचारून ठरवतं."

"म्हणजे आमच्या चाळीसारखंच," टकळी म्हणाली.

"हो, आणि तसंच चुकतंही. रेघा घरांइतक्याच बारीक असल्या, तर एका घरात पांढरा धागा येतो आणि शेजारच्या घरात राखाडी. मग अंदाज फसतो आणि नसलेला रंग दिसतो. माझ्या कॅमेऱ्यात काचाच नाहीत. प्रत्येक घर फक्त उजेड मोजतं."

तिघं धावत गिरणीत गेली. मॅनेजरने फोटो पाहिला आणि हसला.

"अरे, तुझ्या कॅमेऱ्याला रंगच कळत नाहीत. त्याला रंगीत डाग दिसतील कसे?"

त्याच दुपारी मावशीचा तिसरा गठ्ठा नापास झाला. तिने भांडण केलं नाही. "साहेब बरोबर म्हणतात," एवढं बोलून तिने मागाची किल्ली टेबलावर ठेवली. ते बघून ताईला रडू आवरेना. मावशी भांडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

घरी वाढलेली ताटं तशीच राहिली.

"रंग कळणारा, पण अंदाज न करणारा कॅमेरा नसतोच का?" ताईने शेवटी विचारलं.

"असतो," भिंग्या हळूच म्हणाला. "त्यात एकाखाली एक तीन थर असतात. प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंग मोजले जातात, शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. नाक्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांकडे आहे, त्यांनी मला दाखवलाय. कमी उजेडात त्याचे फोटो खराब येतात, म्हणून कपाटात पडून असतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी तो दिला आणि मुलांनी भर उन्हात तुकड्याचे फोटो काढले. कापड पांढरं आणि राखाडी, डागाचं नाव नाही. ते घेऊन तिघं पुन्हा गिरणीत गेली, पण मॅनेजर काही बधेना.

"जुना डबा आहे. त्याला दिसले नसतील डाग."

आता मात्र टकळीचं डोकं फिरलं. तिने फ्रॉकचं एक बटण तटकन तोडलं. नापास गठ्ठा अजून कॅमेऱ्याखालीच होता. पडद्यावर बघत तिने बटण नेमकं एका गुलाबी डागावर ठेवलं.

"डाग कापडावर आहे ना, मॅनेजरकाका? मग कॅमेरा वीतभर वर घ्या. बटण आणि डाग एकत्रच राहतील."

मॅनेजरने कॅमेरा वर घेतला. बटण कापडावर होतं तिथेच होतं. डाग मात्र त्याला सोडून पार टेबलाच्या कडेला गेला होता. मॅनेजरने कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर घेतला. मग कॅमेरा आल्यापासून पहिल्यांदाच त्याने कापड हातात घेतलं आणि दारातल्या उजेडात नेलं. बोट फिरवून त्याने एकेक रेघ तपासली.

"शाबास," तो आत येऊन म्हणाला. "आम्हा मोठ्यांना सुचायला हवं होतं ते तुम्हाला सुचलं." त्याने किल्ली ताईच्या हातात दिली. स्टुडिओवाल्या काकांनी तिघांचा फोटो काढून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. मावशी पुन्हा मागावर बसली.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी ती नव्या कापडाचा तुकडा घेऊन घरी आली आणि खिडकीशी गेली.

"भिंग्या, बघ रे. कुठे डाग आहे का?"

"एकही नाही, मावशी. ते डाग कॅमेऱ्यातच होते. साहेबांनी सांगितलं ना तुला?"

"सांगितलं की," ती म्हणाली.

तिने मान डोलावली, तुकड्याची नीट घडी घातली. मग घडी उलगडून तो पुन्हा उजेडात धरला.