उन्हाळ्यात ओलावणारी भिंत

वैजयंतानं भिंतीला नाक लावलं होतं, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला—

"कसला वास येतोय? नव्या रंगाचा, की जुन्या ओलीचा?"

ती दचकून मागं सरली. जिन्याच्या पायरीवर एक उंच, सावळा तरुण उभा होता. हातात रिकामी बादली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हसू ओठांवर नव्हतं, पण डोळ्यांत होतं.

"दोन्हींचा," ती म्हणाली. "पण रंगाचा जास्त. एवढ्यात दिलाय वाटतं."

"गेल्या महिन्यात. कपाटही तेव्हाच इथं आलं. सरकवून बघायचंय?"

दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागं, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, भिंत फुगली होती. तिनं तळवा टेकवला. बाहेर उस्मानपुऱ्याच्या रस्त्यावर एप्रिलचं ऊन नुसतं रणरणत होतं, आणि ही भिंत मात्र माठासारखी गार...

"तुम्ही घरमालकांचे कोण?"

"कोणी नाही. वरच्या खोलीतला भाडेकरू. बद्रीनाथ. सिल्लोडचा. वाळूजला कंपनीत आहे, माल तपासायच्या कामावर."

"म्हणजे हे घर विकलं तर—"

"तर मला खोली सोडावी लागेल."

"म्हणून खोट दाखवताय होय!"

"मग चांगलंही सांगतो. बैठकीच्या खिडकीतून संध्याकाळी असा वारा येतो की पंखा बंद करावा लागतो. शेजार देवमाणसांचा आहे. नळ मात्र आज बघू नका, आज इथं पाणी यायचा वार आहे. एजंट काकासाहेब सगळ्यांना नेमकं याच दिवशी घर दाखवतात. चार दिवसांनी या, मग नळ सोडून बघा. आणि वर भाडेकरू असताना कागद करू नका. आधी खोली रिकामी करून घ्या, मग सही."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "स्वतःच्याच विरुद्ध सल्ला देताय?"

"तुम्ही विचारलंत..." त्यानं बादली या हातातून त्या हातात घेतली. "इतकं मन लावून भिंतीचा वास घेणारं गिऱ्हाईक आजवर बघितलं नव्हतं."

बाहेरून काकासाहेबांची हाक आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, केसांच्या बटेला भिंतीच्या रंगाची पांढरी पूड लागली होती. त्यानं ते पाहिलं होतं, आणि बोलला नव्हता.

वैजयंता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून क्रांती चौकाजवळच्या कॉलेजात शिकवत होती. वडील कारभारी सोयगावात शेती बघत; आई द्वारकाबाई तिच्यासोबत शहरात. शहरात आल्यापासून मायलेकींनी चार घरं बदलली होती, आणि प्रत्येक घरमालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. देवाची तसबीर कायम स्टुलावर. आता सोयगावचा प्लॉट विकून पैसा हाताशी आला होता. तो एकदाच येणार होता. हे घर चुकलं असतं, तर दुसरं घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

"लई गोड बोलतोय म्हण की तो पोरगा," आई म्हणाली. "त्याला खोली सोडायची नाय, म्हणून आपलं मन मोडतोय. तुला कळंना का?"

"असेलही. म्हणून तर त्याच्या शब्दावर जायचं नाही. मोजायचं."

ती पुन्हा गेली ती पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घेऊन. हातभर तुकडा भिंतीच्या फुगवट्यावर लावला आणि चारही कडा चिकटपट्टीनं बंद केल्या.

"भिंतीचा डबा भरलात?" बद्रीनाथ दारातून म्हणाला.

"थोडे दिवस ठेवायचा. कागदाच्या बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ओल खोलीतल्या हवेची. आतल्या बाजूला धरलं तर ती भिंतीच्या पोटातून येतेय."

"आणि बघायचं कुणी?"

"तुम्ही. इथं राहता ना? पण..." तिनं चिकटपट्टीवरून पुन्हा बोट फिरवलं, गरज नसताना. "तुमचा फायदा घर न विकण्यात आहे. खोटं सांगणार नाही कशावरून?"

"रोज फोटो पाठवतो. नंबर द्या."

तिनं नंबर दिला. शास्त्रासाठीच दिला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

रोज सकाळी फोटो येऊ लागला. खाली एखादी ओळ. 'रुग्ण शांत झोपला.' 'बाहेरून कोरडा ठणठणीत, आतलं डॉक्टरांनी येऊन बघावं.' ती उत्तरात फक्त 'ठीक' लिहायची. मग 'ठीक, धन्यवाद.' मग एका सकाळी फोटो आला नाही, तर पहिल्या तासाला वर्गात फळ्यावर तिनं वजाबाकी चुकवली.

कागद उचलला त्या दिवशी दोघं शेजारी उभे होते. आतली बाजू थेंबांनी भरलेली.

"म्हणजे पोटातून," तो हळूच म्हणाला.

"हो. पण पाणी येतं कुठून?"

काकासाहेब ठामपणे म्हणाले, शेजारच्यांचा हौद पाझरतो. द्वारकाबाई पदर खोचून निघाल्याच. शेजारच्या जैतुनबी दारात तांदूळ निवडत होत्या. तक्रार ऐकून त्या रागावल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून उठल्या आणि हौदाचं झाकणच उघडलं.

"देखो बाई, अपनी आंखों से देखो. पानी आनेको अब्बी तीन दिन हैं. हौज सूखा पडा है, दीवार कू क्या भिगाएगा?"

खरंच, तळाशी तांब्याभर पाणी होतं. द्वारकाबाई ओशाळल्या.

"आमचं चुकलं, बाई. त्या एजंटानं सांगितलं म्हणून..."

"अगं, घर घेनार तर विचारनारच की! बैठो, चाय लो." मग जैतुनबी वैजयंताकडं वळल्या. "एक बात बोलूं बेटी? ती दीवार बारिश में सूखी रहती. गर्मीच में भीगती. दो साल हो गए, मैं बी सोचती ये क्या उलटा मामला."

वैजयंताच्या हातातला कप तसाच राहिला. पावसाळ्यात कोरडी आणि उन्हाळ्यात ओली भिंत! असलं कोडं तिला परीक्षेतही कुणी घातलं नव्हतं.

"दुसरं गिऱ्हाईक आलंय," काकासाहेबांचा फोन आला. "इसार देऊन टाका, नाहीतर घर गेलं म्हणून समजा."

"कारण कळल्याशिवाय इसार नाही," ती म्हणाली खरी, पण आईचा चेहरा पडलेला तिला दिसला. रिकाम्या बैठकीत उभं राहून आईनं मघाशीच तसबिरीची जागा नजरेनं ठरवून टाकली होती.

त्याच आठवड्यात बद्रीनाथ बहिणीच्या लग्नाला सिल्लोडला गेला, चांगला पंधरा दिवसांसाठी. किल्ली जैतुनबींकडं ठेवून. रुग्णाची देखभाल आता वैजयंताकडं आली. कॉलेज सुटलं की ती यायची, खिडकी उघडायची, भिंतीला हात लावायची. घरात शांतता असायची. जिन्यावर कुणी नसायचं... आणि जिन्याकडं आपण उगाच का बघतो, हे ती स्वतःला विचारायची नाही.

पंधरवडा संपता संपता तिनं जुन्याच जागी नवा कागद लावला. दोन दिवसांनी काढला. दोन्ही बाजू कोरड्या.

तिसऱ्या दिवशी तो परतला. हातात लाडवांचा पुडा, कपाळावर हळदीचा पुसट डाग.

"कसा आहे रुग्ण?"

"बरा झाला." ती त्याच्याकडं रोखून बघत होती. "तुम्ही नसलात की भिंत कोरडी असते."

"अरे वा... आणि भिंतीची डॉक्टर? ती कशी असते मी नसलो की?"

तिचे कान गरम झाले. "विषय बदलू नका. उन्हाळ्यात तुम्ही असं काय करता, जे पावसाळ्यात करत नाही?"

तो विचारात पडला. मग दोघांनी एकदमच वर पाहिलं.

त्याच्या खोलीच्या खिडकीत, लोखंडी स्टँडवर कूलर होता. वाळ्याच्या ताट्या लावलेला, जुना. तिनं बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि स्वतः खिडकीतून वाकून बघत राहिली. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. टाकीच्या गंजलेल्या तळातून एक थेंब सुटला, छज्ज्यावर पडला, तिथल्या केसाएवढ्या भेगेत शिरला आणि दिसेनासा झाला. मग दुसरा. त्या भेगेच्या बरोबर खाली कपाट होतं.

बद्रीनाथ मटकन कॉटवर बसला. "म्हणजे... मीच? दोन वर्षं लोक घर बघायला उन्हाळ्यातच यायचे. ओल बघून परत जायचे. आणि मी शहाणा त्यांना स्वतःहून ती भिंत दाखवायचो!"

वैजयंताला हसू आवरेना. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पण तो हसत नव्हता.

"रामकिसनरावांना सांगायला पाहिजे," तो म्हणाला आणि तिच्यासमोरच त्यानं पुण्याला फोन लावला. घरमालक म्हातारे होते, लेकाकडं राहत होते, घर विकलं जात नाही म्हणून कंटाळले होते. बद्रीनाथनं एकही शब्द न लपवता सगळं सांगितलं. मग पलीकडून आवाज आला, "गिलावा तू स्वतःच्या हातानं कर. आणि त्या मास्तरीणबाईला माझा नमस्कार सांग."

दोन रविवार तो भिंतीशी होता. भेग भरली, फुगलेला गिलावा खरवडला, नवा केला. वैजयंता नुसतं बघायला यायची आणि हाताला सिमेंट लावून परत जायची. भिंत पुरती वाळली तेव्हा द्वारकाबाईंनी तिच्यावर हात फिरवला, बराच वेळ.

"लोकांनी भिऊन सोडलं, म्हणून आपल्याला राह्यलं हे घर," त्या म्हणाल्या. "तुझे उपकार झाले रं बाबा. कूलरचे बी झाले."

मग बाकीची धावपळ झाली. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासून घेतले, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नाही ना ते पाहिलं, घराची लांबी-रुंदी वैजयंतानं स्वतः टेपानं मोजली. टेपाचं दुसरं टोक बद्रीनाथनं धरलं होतं. अठरा फुटांवरूनही कळत होतं, त्याची नजर टेपावर नव्हती.

"तू वरच राहा की," द्वारकाबाई त्याला म्हणाल्या. "तुला कोण जा म्हणतंय?"

"नको, मावशी. नोंदणीच्या आधी खोली रिकामी करतो."

"मीच सांगितलं होतं असं म्हणाल आता," वैजयंता म्हणाली. तिला हसून म्हणायचं होतं, पण जमलं नाही. "घाई आहे का एवढी जायची?"

"आहे," तो म्हणाला. आणि वर निघून गेला.

त्या संध्याकाळी तिला त्या घराचा वारा आवडला नाही.

टेम्पो आला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. सामान थोडकंच. एक कॉट, पुस्तकांचं खोकं, भांडी. जैतुनबींनी वाटेसाठी डबा दिला. द्वारकाबाईंनी हातावर दही घातलं आणि डोळे पुसत आत गेल्या. दाराशी दोघंच उरले.

"कुठं घेतली खोली?"

"औरंगपुऱ्यात. दुकानांच्या वर."

"रात्रभर गोंगाट असेल. बघितली तरी का नीट?"

"नाही. मिळाली ती घेतली."

"का पण?" तिचा आवाज चढला. "आई राहा म्हणत होती. मीही... मीही म्हणतच होते, तुम्हाला ऐकू आलं नसेल. इतकं का तोडून जाताय?"

त्यानं पायानं एक खडा बाजूला सारला.

"तुमच्या घरात भाडेकरू राहून एक गोष्ट विचारता आली नसती," तो म्हणाला. "विचारली असती, तर तुम्हाला वाटलं असतं, खोली टिकवायला विचारतोय. पहिल्या दिवशीही तुम्हाला तसंच वाटलं होतं. या वेळी माझा फायदा आणि माझं खरं, दोन्ही वेगवेगळं दिसायला हवं होतं. म्हणून आधी खोली रिकामी केली. आता विचारू?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. दोघांपैकी कुणीच तिकडं पाहिलं नाही.

"विचारा..."

"माझ्याशी लग्न कराल, वैजयंता?"

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. तिनं ओढणी सावरली, चप्पल पायात सरकवली आणि ती सरळ टेम्पोच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"अहो... कुठं?"

"खोली बघायला. न बघता घेतात का कुणी?" ती सरकली, त्याला जागा केली. "छप्पर बघते, खिडक्या बघते. करार किती दिवसांचा केलाय?"

"अकरा महिन्यांचा. असतो तसाच." तो शेजारी बसला. "पण... माझं उत्तर?"

टेम्पो हलला. गचका बसला तेव्हा तिनं त्याचा हात धरला, आणि रस्ता सपाट लागला तरी सोडला नाही.

"त्या मालकाला आजच सांगून ठेवा," ती समोर बघत म्हणाली. "अकरा महिने लई होतात."