काळ्या कापडाला पांढरं ठिगळ

गाडी गात होती, आणि फार सुरेख गात होती. पण ज्या एका आवाजासाठी तिला नवा साज चढवला होता, तोच काही तिच्यातून येईना.

रामलिंगच्या डोंगराखाली, उघड्या माळावर गाडी लावून शलाका आणि तिचे आजोबा, म्हणजे अण्णा, केव्हाचे बसले होते. डोक्यावर अर्धा चंद्र होता आणि त्या चंद्रावर शलाकाची आई होती. तिथे मोठी रेडिओ दुर्बीण उभारणाऱ्या तुकडीत ती काम करायची. घरच्यांशी बोलायला तुकडीतल्या प्रत्येकाची पाळी ठरलेली असे. आज तिची होती.

उद्यापासून ती चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला जाणार होती. तिथे पृथ्वीवरच्या रेडिओलहरींचा गोंगाट पोचत नाही, कारण मध्ये अख्खा चंद्र आडवा येतो. दुर्बिणीला अशी शांतता फार आवडते. पण तिथून घरी हाक मारता येत नाही. म्हणजे आज बोलणं झालं नाही, तर थेट थंडी सरल्यावर.

"अण्णा, दिवा तर लागलाय यंत्राचा."

"लागलाय की. येईल आता. गाणं जरा बारीक कर."

शलाकानं गाणं बंदच केलं. मग माळावरच्या टिटव्या तेवढ्या ऐकू येत राहिल्या. पाळीची वेळ सरली. अण्णांनी गाडी घराकडे वळवली.

खरं तर हा सगळा खटाटोप आईच्या आवाजासाठीच होता. इचलकरंजीतलं त्यांचं घर उंच इमारतींच्या बेचक्यात. आकाश म्हणजे खिडकीतून दिसणारा एक हातरुमाल. म्हणून चंद्रावरचं बोलणं पकडणारं यंत्र आईनं गाडीत, डॅशबोर्डच्या खाली बसवून दिलं होतं. मात्र गाडीतल्या स्पीकरच्या जुन्या पेटीतून तिचा आवाज घोगरा यायचा. "आईला सर्दी झाल्यासारखं वाटतं," अशी शलाकाची तक्रार. अण्णा आयुष्यभर कार्बनचं कापड विणणारे माग तयार करत आलेले शास्त्रज्ञ, आणि आता आवडीनं लोकांच्या गाड्यांचे अंतर्भाग सजवून देणारे. नात असं म्हणाल्यावर ते गप्प बसणार थोडेच!

"आवाज घोगरा का येतो, सांग बघू," त्यांनी विचारलं होतं.

"स्पीकर जुना आहे."

"स्पीकर बरा आहे गं. पेटी बडबडी आहे. स्पीकरचा पडदा पुढंमागं हलतो, हवेला ढकलतो, तेव्हा आवाज होतो. पण तो पेटीच्या भिंतींनाही ढकलतो. भिंती लेच्यापेच्या असल्या की त्याही थरथरतात आणि आपला आवाज मध्येच मिसळतात. पेटीला स्वतःचा नाद असून चालत नाही."

"आणि आपल्याकडं तर सगळ्यांनाच कसला ना कसला नाद!"

"म्हणूनच पेटी बाहेरून आणायची नाही. घरी करायची."

त्यांनी काळंभोर, चकाकणारं कापड उलगडलं. ते कार्बनतंतूंचं (केसापेक्षा बारीक, जवळजवळ निव्वळ कार्बनच्या धाग्यांचं) होतं. स्वेटरच्या कृत्रिम लोकरीसारखाच धागा हवा लागू न देता भट्टीत खूप तापवला, की त्यातलं बाकीचं उडून जातं आणि कार्बन उरतो. हा धागा लांबीच्या दिशेनं ओढला तर पोलादाला ऐकत नाही, आडवा वाकवला तर मात्र कडकन मोडतो. म्हणून तो उभा-आडवा विणायचा, कापडाचे थर साच्यावर बसवायचे आणि त्यांना राळ (चिकट, नंतर दगडासारखा घट्ट होणारा द्रव) पाजायची.

राळ पाजायला धोटा होता. मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यासारखाच हा यंत्रमानव टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राही, म्हणून त्याला ते नाव. शेवटी तो सगळ्यावर निर्वात पिशवी (आतली हवा खेचून घेतलेली पिशवी) चढवी. बाहेरची हवा चहूबाजूंनी दाबत राही, थरांमधले बुडबुडे निघून जात. तयार झालेली पेटी शलाका एका हातानं उचलू शकली. तिच्यावर टिचकी मारली तर नुसतं 'टक्'. थरथर म्हणून नाही.

पेटी इतकी देखणी झाली, की डॅशबोर्डही तसाच करायचं ठरलं. तेव्हा धोटा थांबून म्हणाला होता, "प्रश्न आहे. खाली यंत्र आहे. कापडात इथे खिडकी कापायची का?"

"कात्री?" अण्णा केवढ्यानं दचकले. "कोष्ट्याच्या घरात अखंड विणलेल्या कापडाला मधोमध कात्री? आमच्या आजीनं ऐकलं असतं, तर तुझा स्क्रू न् स्क्रू ढिला केला असता."

"आणि वीण तुटेल," शलाका म्हणाली होती. "घाण दिसेल."

धोट्यानं पुन्हा विचारलं नाही. कापड या दारापासून त्या दारापर्यंत सलग बसलं. अण्णा त्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ हसत राहिले.

माळावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, चंद्रावरचं बोलणं जोडून देणाऱ्या केंद्रातून एका बाईंचा फोन आला.

"तुमच्याकडून काहीच उत्तर येईना. त्या मात्र पूर्ण वेळ बोलत होत्या."

"काय बोलली आई?" शलाकानं विचारलं.

"ते आम्ही ऐकत नाही बाळ, जपूनही ठेवत नाही. घरच्यांचं बोलणं घरच्यांचंच. कुणी ऐकत नाहीये हे कळलं होतं त्यांना. तरी उठल्या नाहीत."

शलाका गॅरेजमध्ये जाऊन बसली. समोर कापडाचे उरलेले तुकडे पडले होते आणि अण्णांचा लहानसा रेडिओ बाजारभाव सांगत होता. तिला त्याचा रागच आला. तिनं त्याच्यावर सुती फडकं टाकलं. भाव चालूच. मग हाताला लागलेल्या काळ्या कापडात तिनं त्याला गच्च गुंडाळलं.

रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

तिनं कापड सोडलं, वांगी बोलू लागली. गुंडाळलं, वांगी गेली. मग कोपऱ्यातलं काचतंतूंचं पांढरं कापड गुंडाळून पाहिलं. रेडिओ खुशाल भेंडीवर आला.

"अण्णा!"

अण्णा दारातच उभे होते. ते येऊन तिच्याजवळ खाली बसले. "कार्बनच्या धाग्यात काही इलेक्ट्रॉन (अणूतले विजेचे अतिसूक्ष्म कण) मोकळे असतात. रेडिओलहर आली की ते हलायला लागतात. त्यांना हलवण्यात लहरीचा काही जोर जातो आणि उरलेली लहर ते परतवून लावतात. आतपर्यंत काही पोचत नाही. काचेतले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला घट्ट धरून बसलेले. ते लहरीच्या वाटेला जात नाहीत, ती सरळ आत येते."

"म्हणजे आपण आईच्या आवाजासाठी इतकी छान पेटी केली..."

"आणि दारालाच भिंत घातली. एवढासा चंद्रच आडवा आणून ठेवला म्हण."

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"होतं." अण्णा आपल्या हातांकडे बघत राहिले. "डोक्याला माहीत होतं. हाताला कापडाचा मोह पडला."

शलाका धोट्याकडे वळली. "तू तरी ओरडून का नाही सांगितलंस?"

"मला ओरडता येत नाही," धोटा म्हणाला. "मी विचारतो."

तिला रडू आलं. अण्णांनी तिला रडू दिलं. मग ते उठले, बारीक पात्याची करवत घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि त्या अखंड काळ्या डॅशबोर्डवर स्वतः टेकवली. धोटा उडणारी धूळ ओढून घेत होता. करवतीच्या प्रत्येक ओढीसरशी अण्णांचे डोळे बारीक होत होते. पण ते थांबले नाहीत. झालेल्या खिडकीत बसवायला शलाकानं काचतंतूंचे थर कापून दिले, राळही तिनंच पाजली.

रविवारी ते पुन्हा माळावर गेले. यंत्राचं बटण दाबून दोघंही श्वास रोखून बसले. थोड्या वेळानं नव्या पेटीतून आवाज आला, 'टिक्'. चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची ती नुसती खूण होती. अगदी स्वच्छ, सर्दी न झालेली.

"वाट मोकळी झाली गं," अण्णा म्हणाले.

"पण आई पलीकडं आहे."

"आहे. थंडी सरली की येईल अलीकडं."

"त्या दिवशी काय बोलली असेल?"

"तेच विचारायचं पहिल्यांदा."

शलाकानं मान हलवली. डॅशबोर्डच्या मधोमध ठिगळ पांढरंफटक दिसत होतं. नवीकोरी साडी खिळ्याला अडकून फाटावी, तसं.

"अण्णा, ह्याला काळा रंग देऊ या?"

"देता येईल. पण काळ्या रंगात पुष्कळदा काजळी असते. काजळी म्हणजे काय?"

"कार्बन!" शलाका म्हणाली आणि घाईघाईनं ठिगळावर तळवा ठेवला, जणू कुणी आत्ताच ब्रश घेऊन येत होतं. "मग राहू दे. पांढरंच राहू दे."

'टिक्', पेटी म्हणाली. शलाकानं लगेच हात काढून घेतला. वाटेत काहीच नको.