रांगेतला डॉक्टर

रस्त्याच्या ऐन मधोमध एक गाय आडवी पडली होती, आणि तिच्या पोटाला कान लावून एक माणूस चिखलात गुडघे टेकून बसला होता.

गाडी थांबवून तिने हॉर्न वाजवला.

"हॉर्न नको हो," तो मान वर न करता म्हणाला. "हिच्या पोटात आधीच गडबड आहे, त्यात तुमची भर कशाला?"

"मग मी जाऊ कुठून?"

"जाऊच नका. खाली उतरा आणि ही सलाइनची बाटली धरा. उंच... अजून थोडी उंच. वा! हात स्थिर आहे तुमचा."

धुक्यातून बारीक पाणी पडत होतं. थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते. ते आपल्या लक्षात आले, याचाच तिला राग आला. बऱ्याच वेळाने गाय धडपडत उठली, तेव्हा तो हात पुसत गाडीजवळ आला आणि काचेवरचा सरकारी स्टिकर वाचून थबकला.

"अच्छा... म्हणजे तुम्ही रेंज मोजणाऱ्या!" आवाजातला गोडवा झटकन कमी झाला.

"आणि तुम्ही?"

"गुरांचा डॉक्टर. तुमच्या कार्यालयाकडे हरकत पाठवणारा, तो मीच."

झालं! ज्या माणसाचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायला ती आली होती, त्याच्याच गायीची बाटली धरून ती इतका वेळ उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग गायीकडे पाहिलं. गाय खरंच आजारी होती ना?

तसं तिचं काम सोपं होतं, आणि म्हणूनच भांडणाचं. जिथे एखाद्या कंपनीचं मोबाइल इंटरनेट आधीच धड चालतं, तिथे नव्या टॉवरला सरकारी अनुदान नाही. जिथे चालत नाही, तिथे आहे. इथे ठाण मांडून बसलेल्या कंपनीने नकाशावर सगळी दरी हिरवी रंगवून टाकली होती, म्हणजे सगळीकडे रेंज, दुसऱ्या कोणाची गरजच नाही. डॉक्टरने वस्तीवस्तीवर फिरून मोजणी केली आणि कळवलं, की कुठेच काही नाही. आता कोण खरं, ते तिने ठरवायचं.

अनुदानाचं नाव काढलं की गावातली रेंज कशी पसार होते, हे तिने पुष्कळ पाहिलं होतं. एका गावात लोकांनी फोन पत्र्याच्या डब्यात घालून मोजले होते. दुसऱ्या गावात एका गोडबोल्या मास्तरांनी तिला चहावर चहा पाजला, आणि नंतर कळलं, टॉवर त्यांच्याच जागेत उभा राहायचा होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर आता साधं पाणीही फुंकून प्यायची.

दरीतल्या लोकांचा तिच्यावर विश्वास होता असंही नाही. खालच्या वस्तीत दुकान चालवणाऱ्या मावशींनी तिला माडीवरची खोली दिली, पण किल्ली देताना सुनावलंच. "मागचे साहेब वरच्या रस्त्याने गाडीतून गेले आणि म्हणाले, रेंज आहे. उंटावरून शेळ्या हाकल्या झालं. आम्ही काय रस्त्यावर राहतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दारात हजर.

"वाट दाखवतो."

"गरज नाही."

"वाटेत कुत्री आहेत. मला ओळखतात."

"तुम्ही सगळ्याच तपासणाऱ्यांशी इतकं गोड बोलता का?"

"मागचे साहेब टकले होते हो... जमलं नाही."

हसू दाबायला तिला बुटाची नाडी बांधायला वाकावं लागलं. "माझ्याशी गोड बोलून आकडे बदलत नाहीत," ती वाकूनच म्हणाली.

"मी गायींशीही गोडच बोलतो. त्यांच्याकडून मला कसली मंजुरी घ्यायची असते?"

ती प्रत्येक अंगणात थांबायची, मोजायची, आणि तिचे आकडे त्याच्या आकड्यांशी ताडून पाहायची. खालच्या सगळ्या वस्त्यांत त्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. तिथे इंटरनेट औषधालाही नव्हतं. पण वरच्या वस्तीत, त्याच्याच दवाखान्याच्या पायरीवर, तिच्या यंत्राचा आकडा सुसाट चढला.

"डॉक्टर," ती थंडपणे म्हणाली, "तुम्ही इथे शून्य लिहून पाठवलंय."

"शून्यच येतं इथे."

"फोन दाखवा."

दोन्ही फोन पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. तिच्या फोनात रेंज काठोकाठ, आणि त्याच्या फोनात ठणठणाट. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं. गंमत म्हणजे, आपण चूक ठरलो असतो तर किती बरं झालं असतं, असंही तिला त्याच क्षणी वाटलं.

तो मात्र फोनकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा पडला. "गाय..." तो पुटपुटला.

"आता गाय कुठून आली?"

"मागच्या थंडीत एका गायीने यावर पाय दिला होता. काच बदलली, फोन चालू झाला. मला वाटलं, सुटलो. म्हणजे आतलं काहीतरी तेव्हापासून..." त्याने कपाळावर हात मारला. "वर्षभर मी फोन करायला खालच्या वस्तीत धावतोय! आणि रेंज माझ्या उशाशी!"

खालच्या वस्तीत तरी या फोनवर रेंज कशी येत होती, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं. तिने विचारलंच.

"तिथे दुकानामागे बोलण्यापुरती येते, पण मी सवयीने दुकानवाल्या मावशींचाच फोन मागून घेतो," तो ओशाळून म्हणाला. "वरची वस्ती काढून टाका, मॅडम. आमचा हक्क नाही."

"इतक्या सहज?"

"चुकलं ते चुकलं."

आता खरं तर तिचा संशय मिटायला हवा होता. पण इतका सरळपणा तिला कधी भेटलाच नव्हता. वरची वस्ती सोडून खालच्या वस्त्या पदरात पाडून घ्यायचा हा डाव तर नसेल? त्या रात्री उशी उलटसुलट करत तिने त्या डावाच्या सगळ्या बाजू तपासल्या. डाव सापडला नाही, झोपही लागली नाही.

दुकानामागे एक रुंद, सपाट दगड होता. त्यावर उभं राहिलं, तर नुसतं बोलण्यापुरती रेंज यायची. संध्याकाळी तिथे रांग लागायची, आणि त्या रांगेचा एक नियम होता. दगडावरचा माणूस बोलत असताना बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ करायची, आणि ऐकलेलं कधी उच्चारायचं नाही. कोणाचा जावई रुसला, कोणाचं दुखणं काय, सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं, आणि कोणालाच काही ठाऊक नसायचं.

ती रोज तिथून कार्यालयातल्या तिच्या साहेबांना दिवसभराचं काम कळवायची. "माझ्या दवाखान्यातून करा की फोन," डॉक्टर म्हणाला होता, "परत आणून सोडतो." पण हरकत घेणाऱ्याचे उपकार कोण घेणार? तिने नाही म्हटलं. मग तोही रांगेत दिसू लागला, नवा फोन खिशात घालून. पुढे-मागे उभं राहून गप्पा व्हायच्या. घोड्याला गोळी कशी गिळवतात, तिला अंधारात जिने का आवडत नाहीत, दोघांचे वडील सारखेच कसे घोरायचे... एके संध्याकाळी रांगेत जायच्या आधी आपण दुसऱ्यांदा केस विंचरतोय, हे तिच्या लक्षात आलं. आता तिला स्वतःचाच संशय येऊ लागला.

मोजणी संपली. खालच्या सगळ्या वस्त्या अनुदानाला पात्र, हे आकडेच ओरडून सांगत होते. फक्त तिने निर्णय द्यायचा राहिला होता, आणि तिथेच घोडं अडलं. तपासणाऱ्याचा त्या भागातल्या कोणाशी जिव्हाळ्याचा संबंध नसावा, असा कडक नियम होता. असेल तर आधी सांगायचं. लपवलं आणि उद्या कंपनीला कळलं, तर खऱ्या निर्णयाच्याही चिंध्या होणार. सांगितलं, तर साहेब बहुधा त्या टकल्यांनाच पुन्हा धाडणार.

आणि त्याखाली आणखी एक काटा होताच, तो ती कोणाला दाखवत नव्हती. हा गोडवा माझ्यासाठी आहे की टॉवरसाठी? मंजुरी मिळाल्यावर हा माणूस ओळख तरी दाखवेल का?

संध्याकाळी ती दगडावर चढली. खाली रांगेने पाठ फिरवली. मावशी, सुतार, दोन शेजारणी, आणि शेवटी डॉक्टर.

"साहेब, हे काम माझ्याकडून काढून घ्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणालातरी पाठवा."

पलीकडे खरखर. "...का? आकड्यांत घोळ आहे का?"

"आकडे चोख आहेत! माझाच इथे... संबंध आहे. एका माणसाशी."

"काय? नातेवाईक आहे का कोणी?"

"नाही साहेब, नातेवाईक नाही."

"ऐकू येत नाही! नातेवाईक आहे?"

"नाही!" ती ओरडली. "अजून नाही!"

रांगेत कोणीतरी खोकलं.

"अजून नाही म्हणजे? नीट सांगा, काय आहे?"

आता ती मागे फिरू शकत नव्हती. तिने डोळे मिटले. "आवडतो, साहेब! मला तो आवडतो!"

खरखर थांबली. साहेब चक्क हळू आवाजात म्हणाले, "बरं बरं... समजलं. पाठवतो दुसरं कोणी."

"गाडीतून नको, साहेब. दारोदार, पायी. आणि मीच मोजलेल्या अंगणांत मोजू द्या. कोणीही आलं तरी हाच आकडा येणार."

फोन बंद झाला. रांग पाठमोरीच होती. मावशी आभाळाकडे बघत गुणगुणत होत्या. डॉक्टरचे कान मात्र मागून लालभडक दिसत होते. ती खाली उतरली. सरळ खोलीत निघून जाता आलं असतं... पण तपासायची खोड कुठे जाते?

"डॉक्टर."

"मी काही ऐकलं नाही," तो घाईने म्हणाला. "नियम आहे."

"ते नाही विचारत. तुमच्या वस्तीत रेंज भरपूर, मी स्वतः मोजलीय. फोनही नवा आहे. मग रोज एवढं खाली उतरून या रांगेत काय करता?"

रांगेतल्या सगळ्या पाठी ताठ झाल्या.

"आम्हीही तेच म्हणतोय," मावशी पुटपुटल्या.

तो वळला. "फोन करायला नाही येत मी. माझा नंबर आला की मागच्याला पुढे सोडतो. तुमचं बोलणं झालं की तुम्ही मागे न बघता जाता, म्हणून कधी दिसलं नाही तुम्हाला."

"आता माझ्या हातात काही उरलं नाही. ना टॉवर, ना मंजुरी. गोड बोलून तुमचा कवडीचा फायदा नाही."

"माहीत आहे."

"मग बोला ना!"

त्याने तोंड उघडलं. गायीची समजूत घालणारा हा माणूस, पण शब्द म्हणून फुटेना. "मला... तुम्ही ती बाटली धरलीत ना, तेव्हापासून..." एवढ्यावरच तो अडकला. मग त्याने नुसता हात पुढे केला. हात थरथरत होता. असला हात कोणाला ठरवून थरथरवता येत नाही, हे तिला पक्कं कळलं, आणि तिने तो धरला.

"बाजूला व्हा रे, माझा नंबर आहे," म्हणत मावशी दगडावर चढल्या आणि बहिणीला फोन लावून खच्चून ओरडल्या, "अगं ऐकलंस का? आपला डॉक्टर आणि ती मोजणीवाली! हो, तीच! अगं भर रांगेत, सगळ्यांसमोर!"

नियम तो नियम. दोघांनी इतरांसारखी दगडाकडे पाठ केली, हातात हात घालून समोरच्या धुक्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यातलं एक अक्षरही ऐकलं नाही.