आठ दिवसांची रजा

शिरसीहून सुटलेली दुपारची बस नीरकोप्पच्या अलीकडे एका सुपारीच्या बागेपाशी थांबली आणि एक तरुण माणूस वर चढला. दाढी वाढलेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, हातात चामड्याची जुनी बॅग. बसमध्ये जागा नव्हती. तो माझ्या पायाशी, इंजिनाच्या पेटीच्या कडेला कसाबसा टेकला, आणि बस पुढचं वळण घेते न घेते तोच त्याचं डोकं माझ्या ट्रंकेवर आलं. गाढ झोपला होता.

मी पाय आखडून घेतले. तेवीस वर्षांची होते मी, हुब्बळ्ळीहून डॉक्टरकीची पदवी घेऊन पहिल्या नोकरीवर निघालेली, आणि अनोळखी पुरुषाने असं जवळ येऊन झोपावं याचा राग येण्याचंच ते वय.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारी डुलत डुलत पुढे आली. तिच्या हातात औषधाची बाटली होती. तिने त्या झोपलेल्या माणसाचा हात अलगद उचलला, तळव्यावर बाटली ठेवली, त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटली, क्षणभर थांबली… आणि बाटली काढून घेऊन परत जागेवर गेली. मग आणखी एक बाई पुड्या घेऊन आली. मग एक गृहस्थ. मला हसू आवरेना.

म्हातारीला विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं. औषध शिरसीच्या मोठ्या डॉक्टरचं आहे, ती म्हणाली, पण गुण यायचा तो सुब्राय डॉक्टरच्या हाताने. दोन दिवस झोपलेला नाही बिचारा, म्हणून उठवलं नाही.

म्हणजे झोपेची दया होती. हाताला तेवढी सुटी नव्हती.

नीरकोप्प आल्यावर तो दचकून जागा झाला. आधी ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझं डोकं इथं होतं?"

"सहा मैल होतं."

"फार टणक आहे हो तुमची ट्रंक."

"आत मेडिसिनची पुस्तकं आहेत."

"तरीच," तो म्हणाला, "एवढी झोप लागली."

मी हसू दाबलं. नीरकोप्पच्या सरकारी दवाखान्यात दुसरा डॉक्टर मिळावा म्हणून हाच माणूस चार वर्षं अर्ज करत होता, आणि तो दुसरा डॉक्टर म्हणजे मी, हे दोघांनाही पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

सुब्राय हेगडेचं आता ऐंशीच्या पुढे वय आहे. तो म्हणतो, त्याने त्याच दिवशी ओळखलं होतं. काही ओळखलं नव्हतं. त्याला फक्त झोप हवी होती.

दवाखान्यात दोन खोल्या, बारा खाटा, आणि सिस्टर फिलोमिना. सुपारीचा हंगाम होता. सोलताना कापलेली बोटं, झाडावरून पडलेले गडी, थंडीतापाची पोरं, पहाटेपासून ओटीवर दाटी. मी माझ्या खोलीत टेबल मांडून बसले. बायका यायच्या, तपासून घ्यायच्या, औषध घ्यायच्या, "बरं हं, डॉक्टरम्मा" म्हणायच्या आणि सरळ जाऊन सुब्रायच्या रांगेत उभ्या राहायच्या. माझ्या पुड्यांना हात लावून घ्यायला.

आठवडाभर मी सोसलं. मग एका दुपारी, तो ओसरीवर उभ्या उभ्या पेज पीत असताना, गेले.

"तुमचा हात माझ्या टेबलावर ठेवून जाल का? तेवढीच लोकांची पायपीट वाचेल."

"ठेवला असता," तो म्हणाला. "पण मग पेज कशाने पिऊ?"

"तुम्ही डॉक्टर आहात. हे लाड करता कशाला?"

तो हसला नाही. पहिल्या वर्षी मीही नाही म्हणालो होतो, असं त्याने सांगितलं. तेव्हा लोक औषध घरी नेऊन फडताळात ठेवायचे. ज्या औषधाला हात लागला नाही, ते पोटात जायचंच नाही. "हात लावला तर गोळी गिळतात. मग लावतो. माझं काय जातं?"

त्याचं काय जात होतं ते मला दिसत होतं. त्याचं जेवण जात होतं, झोप जात होती. कित्येक वर्षांत तो एक दिवस रजेवर गेला नव्हता. पंचवीस मैलांवर त्याची आई एकटी राहत होती आणि तिला पोस्टकार्डावर मुलगा भेटत होता.

हे मला दिसत होतं, कारण मी बघत होते. का बघत होते, ते मी स्वतःला विचारत नव्हते. तो फिरतीवरून आला की त्याच्या सायकलची घंटी न वाजताच मला कशी कळते, तेही नाही.

जानेवारीत एका सकाळी अंगणात तो कुणाला तरी पट्टी बांधत होता. उन्हात त्याने मान वर केली आणि मी जागच्या जागी थांबले.

"डॉक्टर, जरा इकडे बघा."

"आत्ता? इतक्या लोकांत?"

"खालची पापणी ओढा."

त्याने थट्टेनेच ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे होते. रोज शंभर लोकांचे डोळे बघणाऱ्याने आरशात बघितलं नव्हतं.

सक्त विश्रांती, सहा आठवडे, असं मी लिहून दिलं. त्याने कागद वाचला, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि उठायला लागला. मी त्याची चप्पल उचलून माझ्या कपाटात कुलूपबंद केली.

त्याचं बिऱ्हाड दवाखान्याच्या मागेच होतं. लोकांनी भुईआवळ्याच्या जुड्या आणल्या, ताक आणलं, ऊस आणले. आणि चौथ्या दिवशी मी मागच्या बाजूला गेले, तर खिडकीखाली रांग. गजांतून एक हात बाहेर आला होता. पुड्या येत होत्या, हात लागत होता, पुड्या जात होत्या.

मी आत गेले. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून, घामाने भिजून बसला होता. हात तेवढा बाहेर.

"आत घ्या तो."

"नागरत्ना…" पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली. "दहा-बाराच राहिलेत."

"यकृताला सूज आहे तुमच्या. मरायचंय का?"

त्याने हात आत ओढून घेतला. मग सांगितलं ते मान खाली घालून. आल्याच्या पहिल्या दिवाळीला तो दोन दिवस घरी गेला होता. त्या दोन दिवसांत घटसर्प झालेली एक पाच वर्षांची मुलगी दवाखान्याच्या ओटीवर आली आणि ओटीवरच गेली. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिच्या परकराचा रंग, सगळं त्याला पाठ होतं. त्यानंतर तो नीरकोप्प सोडून कुठेही राहिला नाही.

"लोक म्हणतात हाताला गुण आहे," तो म्हणाला. "मला माहीत आहे ना, हात त्या दिवशी कुठे होता."

मला खूप काही म्हणायचं होतं. म्हटलं एवढंच, "तेव्हा तुम्ही एकटे होता."

मी खिडकी लावून घेतली.

पण लोकांना कोण समजावणार? ओटी ओस पडू लागली. जखमा चिघळल्यावर लोक येऊ लागले. आणि मला ठाऊक होतं, एखादा रोगी असा येईल की सुब्राय खाटेवरून उठेल, आणि उठला तर पुन्हा धड होणार नाही.

तो रोगी तिसऱ्या आठवड्यात आला. बसमधल्या त्या म्हातारीची, बंगारम्माची, सून. पहिलटकरीण, कालपासून कळा, बाळ अडलेलं. शिरसीला न्यायचं तर बस चार वाजता, आणि बाळाचे ठोके तोवर टिकणार नव्हते. मला चिमटे लावून सोडवावं लागणार होतं. हुब्बळ्ळीला कॉलेजातल्या मॅडमच्या देखरेखीखाली लावले होते, तीन वेळा. बंगारम्मा खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. सुब्राय डॉक्टर आल्याशिवाय सुनेला कुणी हात लावायचा नाही.

मी काही बोलणार, इतक्यात ओटीवरची माणसं बाजूला झाली. तो आला होता, अनवाणी, भिंत धरत. मला रडू येईलसं झालं.

"बंगारक्का," तो म्हणाला, "माझे हात बघ." त्याने दोन्ही हात पुढे केले. थरथरत होते. "या हातांनी मी तुझ्या सुनेचा जीव घेईन. मी स्वतः औषध हिच्या हातून घेतोय. तूही घे."

म्हातारीने ते हात पाहिले. त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मग तिला जे सुचलं ते फक्त नीरकोप्पच्या माणसालाच सुचावं.

"बरं," ती म्हणाली. "मग हिच्या हाताला हात लाव. गुण हिला दे."

ओटीवर तीस-चाळीस माणसं असतील. सगळ्यांनी माना हलवल्या. हे अगदी रास्त होतं.

सुब्रायने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला… ताप होता त्याला, हात कढत होते, आणि हळूहळू ते थरथरायचे थांबले. मी कुठे पाहावं मला कळेना. बाहेर सुपारी शिजत होती, तिचा तुरट वास आठवतो मला.

"झालं का रे?" बंगारम्माने विचारलं. "पुडीला तर एवढा वेळ लागत नाही."

"हिला जास्त द्यायचाय," तो म्हणाला.

सिस्टर फिलोमिना खोकली. मी हात सोडवला आणि आत गेले.

मुलगी झाली. निळी होती, मग रडली, मग गुलाबी झाली. सगळं आवरून, हात धुऊन मी मागे त्याला सांगायला धावले. वाटलं, हा दाराशी जीव मुठीत धरून बसला असेल. तर तो खाटेवर पालथा, तोंड उघडं टाकून झोपलेला. क्षणभर मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. आणि मग कळलं. आत एक बाई अडली होती, आणि त्याला झोप लागली होती. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी दार ओढून घेतलं.

लोक मग माझ्याकडे येऊ लागले. सकाळी एकदा डॉक्टरने डॉक्टरम्माच्या हाताला हात लावला की दिवसभर पुरतो, असं गावाने आपसांत ठरवून टाकलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्हीही तक्रार केली नाही.

मार्चमध्ये तो बरा झाला, आणि त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा कागद आला. दावणगेरे, माझं माहेर, घरापासून दहा मिनिटांवर. हवी असेल तर पंधरा दिवसांत सही करून कळवा. त्याने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"चांगली जागा आहे," तो म्हणाला.

"आहेच."

"मग… जाल?"

"तुम्ही आधी जा," मी म्हणाले. "आईकडे. आठ दिवस. त्याआधी परत आलात तर मी सही करून मोकळी होईन."

तो गेला. मी शहाणपणाने बोलून बसले खरी, पण पाचव्या दिवसापासून प्रत्येक बसकडे माझं लक्ष. दिसू नये अशी प्रार्थना करायची, आणि दिसला नाही की पुढच्या बसची वाट बघायची. सहाव्या दिवशी एक गडी झाडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. फळी बांधून मी त्याला शिरसीला पाठवलं. सातव्या दिवशी ताप आलेली दोन मुलं. आठव्या दिवशी काहीच नाही.

नवव्या दिवशी सकाळच्या बसमधून तो उतरला. दाढी केलेली, गाल भरलेले. मागे नऊवारी नेसलेली एक ठेंगणी बाई, माझ्याकडे टक लावून बघणारी.

"आई," तो म्हणाला. "तिला तुम्हाला बघायचं होतं."

"दवाखान्याची काळजी नाही वाटली?" मी विचारलं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

"आठ दिवसांत एकदाही नाही." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "फक्त तुमची आठवण आली. रोगी एकही नाही, नुसत्या तुम्ही… आईला वाटलं मला पुन्हा ताप चढला."

त्याची आई पुढे आली, माझी हनुवटी उचलली आणि म्हणाली, "आठ दिवस झोपला आणि जेवला माझा मुलगा. तुला वाटेल तेव्हा बोलावणं धाड मला. मी येईन लग्नाचं सामान घेऊन."

तो चौथ्या दिवशी धावत परत आला असता, तर मी दावणगेरेला गेले असते. हे मी त्याला कालच सांगितलं, छप्पन्न वर्षांनी. तो म्हणाला, तिसऱ्या दिवशी तो बसथांब्यापर्यंत गेला होता, आणि परत जाऊन झोपला.