डाव्या सीटवर मी होते

हे कुणाला सांगायचं नाही, असं नागेशअण्णांनी मला बजावलं होतं. पण वेदश्री, तू माझी चुलतबहीण, अज्जा तुझेही आजोबा होते, म्हणून लिहिते. तोंडाने मला सांगता येणार नाही, तुला माहीतच आहे.

अज्जांची पांढरी गाडी तुला आठवते ना? धावताना गुणी, पण उभी राहिली की बंद पडायची. म्हणून सिग्नलला अज्जा टाच ब्रेकवर आणि बोटं ॲक्सिलरेटरवर ठेवायचे. दोनदा हलकेच रेस द्यायचे, मग पाय सावकाश उचलायचे. घुर्र, घुर्र, आणि एक लांब उसासा. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत ते मला सोडायला यायचे, तेव्हा तो आवाज ऐकत मी शेजारी गुपचूप बसायची. दुरुस्त का करत नाही, असं बाबांनी विचारलं की म्हणायचे, "म्हातारी झालीय रे, थोडं सांभाळून घ्यावं." आणि तपकिरीची चिमूट ओढायचे. सीटच्या कापडाला तो वास अजून येतो.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. बाबांना ती टाच-बोटांची कसरत काही जमेना. भर चौकात गाडी बंद पडायची, मागचे लोक हॉर्न वाजवायचे, बाबा घामाघूम व्हायचे. शेवटी अळणावरच्या शंकरमास्तरांनी ती मागितली. अट एकच, उभी असताना बंद पडता कामा नये. मला ती जायला नको होती.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाबा मला घेऊनच जुन्या हुबळीत नागेशअण्णांच्या गॅरेजात गेले. ही गाडी गेली वीस वर्षं अण्णांच्याच हाताखालची. बाबा कागदांच्या झेरॉक्स काढायला गेले आणि मी डाव्या सीटवर, माझ्या नेहमीच्या जागी, बसून राहिले.

"प्लग चांगलेत. कार्बोरेटरही परवाच साफ केलाय," बॉनेटखालून अण्णा म्हणाले. "कुठूनतरी हवा ओढतेय ही. किल्ली फिरव, बाळ."

मी हात लांब करून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, थरथरली, विझायला आली.

"रेस दे! रेस दे की गं!"

मी डावीकडे बसलेय, माझा पाय पोचत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण माझा आवाज निघायला वेळ लागतो. तो निघायच्या आतच...

घुर्र. घुर्र. मग लांब उसासा.

मी खाली पाहिलं. ॲक्सिलरेटरचं पेडल सावकाश वर येत होतं. उजव्या सीटवर कुणी नव्हतं. तपकिरीचा वास मात्र ताजा होता, नाकाला झोंबणारा.

खरं सांगते, मी घाबरले नाही. मला रडू आलं.

"शाबास! अगदी अज्जांचा पाय घेतलायस," अण्णा हसले. "त्यांनी शिकवलं होय? आता तसंच धरून ठेव."

पेडल थोडं खाली जाऊन थांबलं. अण्णा एकेक रबरी नळी चिमटीत दाबत गेले. एका नळीतून बारीक सूंऽऽ आवाज येत होता. ती दाबली आणि इंजिनची थरथर थांबली.

"सापडली! चीर पडलीय. साकु, बस झालं. बिडु, सोड आता."

पेडल आज्ञाधारकपणे वर आलं.

नवी नळी बसवून अण्णा हात पुसत खिडकीशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. पायांवर दप्तर होतं.

"तू... इथंच होतीस?"

मी मान हलवली.

त्यांनी बॉनेट हलकेच मिटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कुणाला बोलू नको. नळी बदललीय. आता त्यांना... त्रास नाही."

वेदश्री, तेच मला सहन झालं नाही. गाडी आता आपली आपण चालायची. रोज संध्याकाळी मी तिच्यात जाऊन बसायची, पण शेजारची सीट नुसती सीट झाली होती.

टाकून दिलेली जुनी नळी मी दप्तरातून आणली होती. काल दुपारी बाबा बाहेर गेले, आई झोपली, तेव्हा क्लिप सैल करून मी ती पुन्हा लावली. जायच्या आधी एकदाच, म्हणून. किल्ली फिरवली. गाडी थरथरली.

"अज्जा," मी म्हणाले.

रेस आली. पण दोनदा, हलकेच अशी नाही. पेडल हळूहळू खाली गेलं, तळाला टेकलं आणि तिथंच राहिलं. इंजिन किंचाळू लागलं. उन्हाळ्यात उणकलच्या तळ्याचं पाणी आटलं की काठचा चिखल उघडा पडतो, तसा वास येत होता; तपकिरीचा नव्हे.

"सोडा... बिडु..."

सोडलं नाही. मी किल्ली ओढून काढली. पेडलचं रबर ओलं होतं.

बॉनेट लावून मी पळत घरात आले. पुन्हा ते उघडायचं धाडस झालं नाही. नवी नळी अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

आज गाडी अळणावरला पोचवायची आहे. आम्ही तिघंही जाणार, येताना बसने. बाबांना सांगायला सकाळपासून तीनदा खाली गेले आणि तशीच वर आले. म्हणून हे लिहून काढतेय. तुला पाठवायच्या आधी हे पान बाबांच्याच हातात देणार आहे.

खिडकीतून सगळं दिसतंय. बाबांनी गाडी सुरू करून अंगणात उभी केलीय आणि ते फाटक उघडायला गेलेत.

"सावनी, आटप की! बघ तरी, कशी उभी आहे! बंद पडायचं नावच नाही!"

जुन्या नळीवर ती पायाशिवाय उभी राहू शकत नाही. बाबा फाटकाशी आहेत. आई पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसतेय. गाडीचा आवाज हळूहळू चढत चाललाय.

"सावनी! चल गं, शेवटचं एकदा पुढे बस, तुझ्या जागेवर!"

आले बाबा, पण आधी आईला गाडीतून