पांढरी पिसं

"रोझे, थांब ना! माझी चप्पल तुटली!" धाकटा भाऊ डॅनी मागून ओरडला.

"मग हातात घे! बाबाजानचाचा संध्याकाळी कोंबड्या विकत न्यायला येणार आहेत. आपल्याकडे फक्त दुपार आहे!"

रोझी उसाच्या कडेनं जवळजवळ धावतच होती. नाताळच्या सुट्टीत तिला एक दिवस चैन पडलं नव्हतं. पहाटे उठावं, तर अंगणातली आणखी एक कोंबडी गायब! अख्खं गाव म्हणत होतं, बिबट्या. आज सकाळी आईनं उरलेल्या सगळ्या कोंबड्या विकायचं ठरवून टाकलं. अंड्यांवर बसलेली काजळीसुद्धा!

"कोंबड्या जाऊ दे," आई म्हणाली होती. "उद्या त्यो तुमच्यावर उठंल. मला माझी पोरं पायजेत."

पण काजळीला रोझीनं पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. ती गप्प कशी बसणार?

"इकडे या, लवकर!" शेजारची खुर्शीद उसाच्या सरीत वाकून पाहत होती. "पिसं!"

"पण ही तर पांढरी आहेत," रोझी म्हणाली. "आपल्या कोंबड्या तांबड्या आणि काळ्या!"

"बिबट्यानं धुऊन खाल्ल्या असतील," डॅनी म्हणाला.

"तू आधी तोंड धू!"

पिसांच्या मागोमाग तिघं आप्पासाहेबांच्या पोल्ट्रीमागच्या, पाण्याच्या कोरड्या चारीपाशी पोचली. तिथं असा वास आला, की डॅनीनं चप्पल टाकून नाक धरलं. चारीत मेलेल्या पांढऱ्या कोंबड्यांचा ढीग पडला होता! भोवतीच्या मऊ मातीत पावलंच पावलं.

खुर्शीद खाली बसली. "बघ, नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत घेतो. वनखात्याचे साहेब शाळेत सांगत होते, तेव्हा डॅनी झोपला होता."

"मग कोण हे?"

"कोल्हा! इथं फुकट जेवतो, आणि पहाटे तुमच्याकडे येतो!"

तिघं घराकडे पळाली. अंगणात बाबाजानचाचांची मोटारसायकल आधीच उभी होती! कोंबड्यांचे पाय बांधायला त्यांनी सुतळी काढली होती. आणि ओट्यावर चहा पीत बसले होते स्वतः आप्पासाहेब.

"विकून टाका, ताई," ते आईला सांगत होते. "बिबट्याच हाय. दुसरं काय न्हाई."

रोझीला रडू फुटणार होतं. सरळ सांगितलं, तर मोठी माणसं कुणाचं ऐकतील? ती आप्पासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आप्पा, तुमच्या शेडमागच्या चारीत लपत असेल का हो बिबट्या? सगळ्या गावाला घेऊन बघायला जाऊ या?"

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "तिकडं कशाला? तिथं कुठला आलाय बिबट्या! कोल्ही येत्यात नुसती. रोज बघतो की मी!"



बाबाजानचाचांनी सुतळी खाली ठेवली. "कोल्ही? आणि रोज? कशाला येतात हो, आप्पा?"

"चला," आई उठत म्हणाली. "आमालाबी दावा."

चारीतला ढीग पाहून आईनं पदर नाकाला लावला. "मेलेल्या पुरायला, खड्डा घ्यायला मानूस मिळंना, ताई," आप्पासाहेब पुटपुटले.

"मग तुमी घ्या! आमी रातभर जागतोय, सांज झाली की पोरं कोंडून ठेवतोय, अन् तुमी बिबट्या बिबट्या करत आमच्या ओट्यावर च्या पिताय!"

आप्पासाहेबांनी मान खाली घालून कुदळ आणली आणि खड्डा खणायला घेतला.

"माझं कोंबड्यांचं डालगं आज रिकामं जाणार," बाबाजानचाचा हसले. "पण शाब्बास, पोरांनो! एवढं गाव असून कुणी इथवर आलं नव्हतं."

आईनं रोझीला जवळ ओढलं. "काजळी ऱ्हाईल. पन आजच खुराड्याच्या कडंनं जाळी जमिनीत पुरायची. कोल्हं लगीच जायचं न्हाई."

तेवढ्यात पलीकडचा ऊस सळसळला. वारा नव्हता. सगळे तिकडे वळले.

"आप्पा," रोझी हळूच म्हणाली, "आणखी खोल खणा."